तीच ही डिस्क कशावरून?

भारतीय दर्शनग्रंथ चाळताना देवदत्त नावाचा एक इसम पुन्हा पुन्हा भेटतो. कधी तो लठ्ठ असूनही दिवसा जेवत नाही, त्यावरून तो रात्री जेवत असला पाहिजे असे ठरते. कधी तो जिवंत आहे पण घरात नाही, म्हणजे बाहेर कुठेतरी असणार. आणि कधी तो पुष्कळ वर्षांनी भलत्याच गावात समोर येतो आणि पाहणारा म्हणतो, ‘तोच हा देवदत्त’. या तीन शब्दांवर मीमांसक, नैयायिक, बौद्ध आणि वेदान्ती शेकडो वर्षे भांडले. अद्वैत्यांनी तर ‘तत्त्वमसि’ या महावाक्याचा अर्थ लावायला याच वाक्याला हाताशी धरले. ‘तेव्हाचा, तिथला’ आणि ‘आत्ताचा, इथला’ हे एकमेकांशी न जुळणारे भाग सोडून द्यायचे, मग जे उरेल ते एकच आहे, असे त्यांचे म्हणणे. उरते ते नेमके काय, यावर मात्र बाकीच्यांचे कधी एकमत झाले नाही.

हा सगळा शब्दांचा खेळ आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी लिनक्सवर चालणाऱ्या संगणकाला यूएसबीची डिस्क जोडली की काय होते ते पाहावे. काल बॅकअप घेऊन काढून ठेवलेली डिस्क आज पुन्हा लावली, तर संगणकाने तिला ‘तीच’ म्हणायचे का? म्हणायचे तर कशावरून? इथे उत्तर चुकले तर कुणी वादात हरत नाही, डेटा पुसला जातो. माझे म्हणणे असे आहे की ‘तोच हा’ हे वस्तूकडे नीट पाहिले की आपोआप दिसणारे सत्य नव्हे. असे म्हणणारा पुराव्याच्या आधारे एक जबाबदारी अंगावर घेत असतो, आणि कोणता पुरावा पुरेसा, हे चूक झाल्यास काय बिघडेल यावरून ठरते. देवदत्ताच्या उदाहरणात ही गोष्ट झाकलेली राहते, कारण त्याला ओळखणाऱ्याचे मन उघडून बघता येत नाही. लिनक्सची ओळखण्याची यंत्रणा मात्र ओळीन् ओळ उघडी आहे.

यूएसबीवरून आलेल्या डिस्कला लिनक्सचे कर्नल एससीएसआय डिस्क म्हणून वागवते आणि सापडण्याच्या क्रमाने नाव देते. पहिली एसडीए, दुसरी एसडीबी, तिसरी एसडीसी. एसडीझेड संपले की एसडीएए. पंगतीत जो आधी येऊन बसला त्याचे पहिले पान, इतकाच हिशोब. लॅपटॉपच्या आतली डिस्क एसडीए असेल, तर बाहेरून लावलेली बॅकअपची डिस्क बहुधा एसडीबी होते. पण त्या दिवशी कुणी आधी पेनड्राइव्ह लावून ठेवला असेल तर एसडीबी त्याच्याकडे जाते आणि बॅकअपची डिस्क एसडीसी होते. जुन्या आयडीई डिस्कच्या काळात असे होत नसे. पहिल्या केबलवरची मास्टर डिस्क म्हणजे एचडीए, तिच्यासोबतची स्लेव्ह एचडीबी, दुसऱ्या केबलवरची मास्टर एचडीसी. दुसऱ्या केबलवर एकटीच डिस्क असली तरी ती एचडीसीच. नाव जागेला चिकटलेले होते, आणि पेटी उघडून स्क्रू काढल्याशिवाय डिस्क जागा सोडत नव्हती, त्यामुळे जागेचे नाव तेच वस्तूचे नाव असा भ्रम बिनबोभाट चालून गेला. काढ-घाल करायची साधने आली आणि तो उघडा पडला.

क्रमाने दिलेले नाव किती तकलादू असते ते एका प्रसंगात फार स्पष्ट दिसते. डिस्क एसडीबी म्हणून लागली आहे, माउंट केलेली (म्हणजे फाइलींच्या वापरासाठी जोडून घेतलेली) आहे, एखादा प्रोग्रॅम तिच्यावरची फाइल उघडून बसला आहे. अशा वेळी कुणी तिला न विचारता उपटली आणि त्याच पोर्टमध्ये लगेच परत खोचली. डिस्क तीच, केबल तीच, पोर्ट तोच, मधे गेले दोन सेकंद. तरी ती आता बहुतेक वेळा एसडीसी असते, कारण निघून गेलेल्या डिस्कची उघडी फाइल अजून कुणाच्या तरी हातात आहे, आणि तो हात सुटेपर्यंत कर्नल एसडीबी हे नाव मोकळे करत नाही. माउंटच्या यादीत एसडीबी दिसत राहते. ती वाचायला गेले की त्रुटी येतात, कारण त्या नावामागे आता कोणीच नाही. समोर हजर असलेल्या डिस्कला नवे नाव आहे आणि नसलेल्या डिस्कला जुने. कर्नल इथे चुकलेले नाही. ‘ही ती आहे’ असे त्याने कधी म्हटलेच नव्हते. ‘एक डिस्क आली’ आणि ‘आणखी एक डिस्क आली’ एवढेच ते म्हणाले. दोन आगमनांच्या पलीकडे जाऊन त्यांना एका वस्तूत गुंफणे हे काम त्याने अंगावर घेतलेले नाही.

हे हात झटकणे नाही, विचारपूर्वक ठरवलेली कामाची वाटणी आहे. 2000 च्या सुमारास कर्नलमध्ये रिचर्ड गूच यांची डेव्हएफएस नावाची व्यवस्था आली होती. साधनांना नावे देण्याचे धोरण तिने कर्नलच्या पोटातच ठेवले होते. 2003 साली ओटावाच्या लिनक्स सिम्पोझियममध्ये ग्रेग क्रोह-हार्टमन यांनी यूडेव्ह मांडले. त्यांचा मुद्दा असा की कोणत्या वस्तूला काय म्हणायचे हे धोरण आहे, आणि धोरण कर्नलमध्ये असू नये. ते बाहेर, वापरणाऱ्याच्या हाताशी असावे. कर्नलने फक्त वर्दी द्यावी. पुढे डेव्हएफएस कर्नलमधून काढून टाकले गेले, 2012 मध्ये यूडेव्ह सिस्टिमडीच्या भांडारात विलीन झाले, पण वाटणी तीच राहिली. माझ्या मते यात अभियांत्रिकीची सोय जेवढी आहे तेवढीच एक तत्त्वज्ञानातली भूमिकाही आहे. वस्तूचे ‘असणे’ आणि ‘तीच असणे’ ही दोन वेगळ्या दर्जाची विधाने आहेत, पहिले नोंदवता येते आणि दुसरे कुणीतरी ठरवावे लागते, अशी ती भूमिका. एक बारकावा लक्षात घेण्याजोगा आहे. आजच्या यूडेव्हला डिस्कचे कर्नलने दिलेले नाव बदलता येत नाही. ते फक्त त्या नावाकडे बोट दाखवणारे जादा दुवे तयार करते. म्हणजे ‘बॅकअप’ हे नाव एसडीसीची जागा घेत नाही, आज एसडीसीकडे आणि उद्या एसडीबीकडे वळते.

आता हे ओळखणे प्रत्यक्षात कसे होते ते पाहू. यूडेव्हच्या नियमांच्या फाइलमध्ये एक ओळ असते. तिचा मतलब असा: ब्लॉक वर्गातले साधन आले, ते पहिले पार्टिशन असले, आणि त्याच्या पूर्वजाचा सिरीयल नंबर अमुक निघाला, तर ‘बॅकअप’ नावाचा दुवा जोड. पूर्वज म्हणायचे कारण पार्टिशनपाशी सिरीयल नंबर नसतो. पार्टिशनच्या वर डिस्क, तिच्या वर एससीएसआयचा थर, मग यूएसबीचा इंटरफेस, मग खुद्द यूएसबी साधन, मग हब, अशी साखळी चढत जावी लागते, तेव्हा तो नंबर हाती लागतो. यात एक कडक अट आहे. एका नियमात स्वतः साधनाचे गुण आणि कोणत्याही एकाच पूर्वजाचे गुण घेता येतात. सिरीयल नंबर एका पूर्वजाकडचा आणि मॉडेलचे नाव दुसऱ्याकडचे, अशी साक्ष जुळवली तर नियम लागू पडत नाही. अनेक नवख्यांचा पहिला नियम इथेच फसतो.

या ओळीकडे देवदत्ताच्या वादाच्या नजरेने पाहिले तर मौज दिसते. नैयायिक म्हणतात की प्रत्यभिज्ञा, म्हणजे ‘तोच हा’ अशी ओळख, हे एकसंध ज्ञान आहे. पूर्वीच्या संस्काराच्या मदतीने डोळ्यांना एकदमच ‘तोच हा’ दिसतो. बौद्ध म्हणतात, ही दोन ज्ञाने आहेत. ‘हा’ हे प्रत्यक्ष, ‘तो’ हे स्मरण, आणि त्यांची मोट बांधणारी ती कल्पना. कापलेली नखे आणि केस पुन्हा वाढले तरी आपण ‘तेच केस’ म्हणतो, दिव्याची ज्योत क्षणाक्षणाला नवी असताना ‘तीच ज्योत’ म्हणतो. तेव्हा ओळख पटली यावरून वस्तू एक असल्याचे सिद्ध होत नाही. लिनक्समध्ये हे तीन तुकडे तीन ठिकाणी ठेवलेले सापडतात. ‘हा’ कर्नलच्या वर्दीतून येतो, ‘तो’ नियमांच्या फाइलमध्ये लिहून ठेवलेला असतो, आणि दोघांना सांधतो यूडेव्ह. फाइल पुसली की डिस्कमध्ये तसूभर फरक न पडता ओळख नाहीशी होते. निदान यंत्रणेपुरता तरी बौद्धांचा हिशोब बरोबर निघाला असे मला म्हणावे लागते. मात्र त्यावरून ते जो पुढचा निष्कर्ष काढतात, की एकपण म्हणून काही नसतेच, तो इतका सहज मिळत नाही. त्याकडे नंतर येतो.

‘तो’ म्हणून काय लिहून ठेवायचे? लिनक्स यासाठी आपणहून काही याद्या तयार ठेवते: कोणत्या पोर्टच्या वाटेने आली त्यावरून, साधनाच्या स्वतःच्या ओळखीवरून, फाइल सिस्टिमच्या यूयूआयडीवरून, आणि माणसाने दिलेल्या लेबलवरून. लेबलबद्दल फार बोलायला नको; फॅट प्रकारात ते अकरा अक्षरांचे, ईएक्सटी4 मध्ये सोळा बाइटचे, आणि दोन पेनड्राइव्हना एकच लेबल द्यायला कुणाचीही आडकाठी नाही. पोर्टची वाट हे जागेवरून ओळखणे झाले. आयडीईच्या काळातला तो भ्रम असा जाणूनबुजून वापरला तर उपयोगी पडतो. रांगेत मांडलेल्या पोर्टपैकी तिसऱ्यात जे कोणी येईल त्यावर अमुक लिहायचे असेल, तर कोण आले याच्याशी कर्तव्यच नाही, कुठे आले एवढेच पुरे.

सिरीयल नंबरची गोष्ट जास्त खोल आहे. एकाच कारखान्यातून, एकाच साच्यातून, एकाच दिवशी निघालेले दोन कोरे पेनड्राइव्ह घ्या. रंग, वजन, क्षमता, उत्पादकाचा क्रमांक, मॉडेलचा क्रमांक, सारे सारखे. मग हा आणि तो वेगळे कशाने? वैशेषिकांपुढे नेमका हाच प्रश्न परमाणूंच्या बाबतीत उभा राहिला होता. पृथ्वीचे दोन परमाणू जातीने, गुणाने सारखेच. त्यांना अवयव नाहीत, म्हणजे अवयवांच्या फरकावरूनही ते वेगळे करता येत नाहीत. यावर त्यांनी ‘विशेष’ नावाचा एक स्वतंत्र पदार्थ मानला. प्रत्येक नित्य द्रव्यात स्वतःचा एक विशेष असतो, आणि तो त्या द्रव्याला इतर सगळ्यांपासून वेगळे करतो. दर्शनाला नाव मिळाले ते यावरूनच, असे परंपरा सांगते. यूएसबी साठवण साधनांच्या तपशिलात हाच उपाय नियम म्हणून लिहिला आहे: प्रत्येक साधनाला सिरीयल नंबर असावा, त्याची लांबी किमान बारा अंकांची असावी, आणि उत्पादक व मॉडेल यांच्या प्रत्येक जोडीत शेवटचे बारा अंक एकमेव असावेत. (एकमेवपणाचा हा आग्रह धरणाऱ्या दस्तऐवजावर 31 सप्टेंबर 1999 अशी कॅलेंडरात नसलेली तारीख छापलेली आहे, हे जाता जाता.)

पण विशेष मानला म्हणून तो वस्तूत असतोच असे नाही. स्वस्त पेनड्राइव्हांच्या गठ्ठ्यात अनेकदा सगळ्यांचा सिरीयल नंबर एकच निघतो. काहींमध्ये तो नसतोच. सोळाव्या शतकाच्या आसपास नवद्वीपच्या रघुनाथ शिरोमणींनी वैशेषिकांना विचारले होते की विशेषांना एकमेकांपासून वेगळे करायला आणखी काही लागत नाही ना? ते स्वतःच वेगळे असतात ना? मग हीच सवलत परमाणूंनाच द्या, मधला विशेष हवा कशाला? सिरीयल नंबरलाही हाच सवाल लागू पडतो. नंबर वेगळे आहेत म्हणून पेनड्राइव्ह वेगळे झाले असे नाही. ते दोन आहेत म्हणून कारखान्याला दोन नंबर छापता आले, आणि कारखान्याने आळस केला तर एकच नंबर घेऊन ते दोनच राहतात. नंबर हा वेगळेपणाचा पुरावा आहे, कारण नव्हे. शिवाय तो पुरावा कोणाबद्दल आहे हेही तपासावे लागते. हार्ड डिस्क यूएसबीला जोडायच्या अनेक डब्या संगणकाला आपला, म्हणजे डबीतल्या चिपचा, नंबर सांगतात. डबी उघडून आतली डिस्क बदलली तरी बाहेर ओळखपत्र तेच राहते. नियम म्हणतो ‘तीच आली’, आणि आत आलेली असते भलतीच.

म्हणून जाणकार बहुधा यूयूआयडीकडे वळतात. फाइल सिस्टिम तयार करताना तिच्यावर 128 बिटांचा एक आकडा लिहिला जातो. ईएक्सटी4 मध्ये तो सुपरब्लॉकमध्ये असतो आणि बहुधा यादृच्छिक निवडलेला असतो, त्यामुळे दोन आकडे योगायोगाने जुळण्याची भीती व्यवहारात नाही. (फॅटचा आकडा फक्त 32 बिटांचा, आणि तो बनवताना फॉरमॅटच्या क्षणाची तारीख-वेळ वापरण्याची प्रथा आहे. तिथे निर्धास्त राहू नये.) ही कल्पना तत्त्वज्ञ सॉल क्रिप्के यांनी 1970 साली प्रिन्स्टनला दिलेल्या व्याख्यानांतल्या कल्पनेच्या फार जवळ जाते. त्यांच्या मते विशेषनाम म्हणजे वर्णनांची जुडी नव्हे. एकदा नामकरण होते आणि मग ते नाव माणसांच्या साखळीतून पुढे जाते. ॲरिस्टॉटलने आयुष्यात एक ओळ लिहिली नसती तरी तो ॲरिस्टॉटलच. फॉरमॅट करणे हे असेच नामकरण. पुढे आतल्या सगळ्या फाइली बदलोत, पोर्ट बदलो, डबी बदलो, यूयूआयडी टिकून राहतो. फरक एवढा की क्रिप्के यांची साखळी बोलणाऱ्या समाजात असते, आणि बंद करून पुन्हा सुरू केलेल्या संगणकाला समाज नसतो. त्याच्यासाठी नामकरणाचा विधी वस्तूच्याच अंगावर कोरून ठेवावा लागतो.

आणि जे कोरलेले, त्या सगळ्याची नक्कल करता येते. डीडी या आज्ञेने एका डिस्कची बाइट न् बाइट दुसऱ्या डिस्कवर उतरवली की यूयूआयडीही उतरतो. आता दोन डिस्क एकाच नामकरणाचा दावा करतात. यूडेव्हने करायचा दुवा एकच आहे, दावेदार दोन. दोघांचा अग्रक्रम सारखा असेल तर दुवा कोणाकडे जाईल याची हमी देता येत नाही. या पेचाला वेगवेगळ्या फाइल सिस्टिमनी दिलेली उत्तरे वाचण्यासारखी आहेत. ईएक्सटी4 डोळेझाक करते आणि दोन्ही माउंट होऊ देते. एक्सएफएस नकार देते: त्या यूयूआयडीची फाइल सिस्टिम माउंट असताना दुसरी घेणार नाही, घ्यायचीच असेल तर यूयूआयडी पाहू नकोस असे स्पष्ट सांगा. बीटीआरएफएस यूयूआयडीवरूनच आपल्या अनेक डिस्कची जुळणी करते, त्यामुळे तिथे नक्कल शेजारी ठेवणे धोक्याचेच. तत्त्वज्ञ डेरेक पारफिट यांनी 1984 च्या पुस्तकात माणूस दुभंगून दोन झाला तर काय, हे कल्पनाप्रयोगाने विचारले होते, आणि उत्तर दिले होते की अशा वेळी खरा तोच कोण हा प्रश्न महत्त्वाचा उरत नाही. सातत्य महत्त्वाचे असते, ते दोघांकडेही आहे. डिस्कबाबत हे उत्तर अर्धेच पटते. वाचायचे असेल तर पारफिट बरोबर आहेत, कोणतीही डिस्क चालेल. लिहायचे असेल तर एक्सएफएस बरोबर आहे, कारण पहिल्या लेखनानंतर दोन्ही डिस्कांचे इतिहास फुटतात आणि मग कोणती डिस्क कोणाचा वारसा चालवते हे कोणीतरी सांगावेच लागते.

इथे माझा मूळ मुद्दा पुढे न्यायला मिलिंदपञ्ह या बौद्ध ग्रंथातला आंबेचोर हवा. रथाचा दाखला सगळ्यांना माहीत असतो: चाके, आस, दांडी यांपैकी एकही रथ नाही, ‘रथ’ हा केवळ व्यवहारातला संकेत. पण राजा मिलिंद आणि भिक्खू नागसेन यांच्या त्याच संवादात, पुनर्जन्माचा विषय निघाला असताना, आंब्याची चोरी येते. चोर म्हणतो, या मालकाने लावली ती कोय वेगळी आणि मी नेले ते आंबे वेगळे, तेव्हा मी याचे काही नेले नाही. राजाला विचारले जाते, हा शिक्षेस पात्र आहे की नाही? आहे, राजा म्हणतो, कारण हे आंबे त्या कोयीपासूनच आले. लक्षात घ्यावे की कोय आणि आंबा एकच आहेत असा दावा नागसेनांनी केलेला नाही. आंबे कुणाचे, हे ठरले ते ‘शिक्षा कुणाला’ हा प्रश्न समोर होता म्हणून, आणि ठरवायला आधार मिळाला तो कोयीपासून आंब्यापर्यंतच्या कार्यकारणाचा. प्रश्न माणसाचा, आधार वस्तूतला. डिस्कचे तसेच. हमीच्या मुदतीत बदलून मागायची असेल तर ‘ती डिस्क’ म्हणजे सिरीयल नंबरची डिस्क. फॉरमॅट केली की ती दुसरी झाली असे कोणताही दुकानदार मानणार नाही. रोजचा बॅकअप चालवायचा असेल तर ‘ती डिस्क’ म्हणजे त्या यूयूआयडीची फाइल सिस्टिम. जुनी डिस्क मरायला टेकली, तिची नक्कल नव्या डिस्कवर घेतली, जुनी फेकून दिली, तर एफएसटॅबमधली, म्हणजे काय कुठे माउंट करायचे ते सांगणाऱ्या फाइलमधली, ओळ न बदलता काम पुढे चालते आणि चालणेच योग्य. एकाच वस्तूबद्दल एकाच क्षणी ‘तीच’ आणि ‘ती नव्हे’ ही दोन्ही उत्तरे खरी आहेत, कारण प्रश्न दोन आहेत.

वास्तववादी यावर म्हणेल की तुम्ही ओळखण्याचे साधन आणि असण्याचे स्वरूप यांची गल्लत करता. कुणी ओळखो न ओळखो, डिस्क एक तर तीच आहे किंवा नाही. पुरावे अपुरे पडतात हा आपल्या ज्ञानाचा दोष. नैयायिक उदयनाचार्यांनी क्षणभंगवादाविरुद्ध, म्हणजे वस्तू क्षणाक्षणाला नवी असते या बौद्ध मताविरुद्ध, ‘आत्मतत्त्वविवेक’ लिहिला तो याच बाण्याने. आक्षेप वजनदार आहे. पण मग डबी, आतली डिस्क आणि फाइल सिस्टिम यांची ताटातूट झालेला प्रसंग घ्या: डबीत नवी डिस्क घातली, जुनी डिस्क दुसऱ्या डबीत गेली आणि फॉरमॅट झाली, जुन्या फाइली नक्कल होऊन तिसरीकडे उतरल्या. यातले काहीच आपल्यापासून लपलेले नाही. कोणता स्क्रू कुठे गेला, कोणता बिट कुठे उतरला, सगळे ठाऊक आहे. तरीही ‘कालची बॅकअप डिस्क यांतली कोणती?’ हा प्रश्न सुटलेला नाही. जिथे अज्ञान शिल्लकच नाही, तिथे अज्ञानाला दोष देता येत नाही. उणीव आहे ती ‘कशासाठी विचारता’ याची. ते सांगितले की उत्तर तत्काळ मिळते, आणि तेही वस्तूतल्या पुराव्यावरूनच मिळते, हा वास्तववाद्याचा वाटा मी नाकारत नाही.

दुसऱ्या बाजूने क्षणिकवादी म्हणेल, मग एवढा आडवळणाचा मार्ग कशाला. सरळ कबूल करा की प्रत्येक आगमन नवे आहे आणि नावे निव्वळ सोय. गंमत अशी की कर्नलने हे मत खरोखर अमलात आणून दाखवले आहे. 2021 मधल्या 5.15 या आवृत्तीपासून प्रत्येक डिस्कच्या प्रत्येक आगमनाला एक चढता क्रमांक मिळतो, आणि संगणक चालू आहे तोवर तो क्रमांक पुन्हा कोणाला दिला जात नाही. तीच डिस्क काढून लावली तरी क्रमांक नवा. एसडीबी हे नाव उष्टे होऊन दुसऱ्याकडे जाते, त्यामुळे जुन्या एसडीबीसाठी निघालेले काम नव्या एसडीबीवर पडू नये, म्हणून ही तजवीज. क्षणिकवाद्याला हवे ते अगदी शुद्ध रूपात इथे आहे, आणि तेवढ्यापुरते ते फार कामाचेही आहे. पण या क्रमांकावर रोजचा बॅकअप चालवता येणार नाही, कारण उद्याचा क्रमांक आज कोणालाच माहीत नाही. नावे निव्वळ सोय असती तर कोणतीही सोय कोणत्याही कामाला चालली असती. ती चालत नाही. डीडीला एसडीबी सांगितले आणि आज एसडीबीवर दुसरीच डिस्क असली, तर ती आज्ञा काही न विचारता तिच्यावर लिहीत सुटते. तिथे ‘शेवटी सगळे संकेतच’ म्हणून समाधान मानता येत नाही. बौद्धांपैकीच धर्मकीर्ती म्हणतात की प्रमाण म्हणजे जे प्रवृत्तीत दगा देत नाही ते ज्ञान. मी त्यांचा हा निकष त्यांच्याच पंथाच्या ‘नावे ही नुसती कल्पना’ या मताहून वरचढ मानतो.

तिसरा आक्षेप साधा आहे: यंत्राला कसली आली जबाबदारी? ते तर अक्षरे जुळवते. खरे आहे, यूडेव्ह कशाचीही हमी घेत नाही. हमी घेतो नियम लिहिणारा. आणि आपण एकही नियम लिहिलेला नसला तरी हमी घेणारा असतोच, कारण डिस्क लावताच दिसणारे दुवे वितरणासोबत आलेल्या नियमांनीच केलेले असतात. कुणीतरी आपल्या वतीने ठरवून ठेवलेले असते की इथे तोच म्हणजे काय. माणसांच्या व्यवहारातही शाळेचा दाखला, बोटांचे ठसे, शेजाऱ्याची साक्ष यांपैकी काय पुरेसे मानायचे, हे त्या त्या कामासाठी आधीच कुणी ठरवलेले असते. देवदत्त समोर आला की ते ठरवणे आपल्याला दिसत नाही, एवढेच.

तेव्हा ज्यांच्या संगणकावर काढ-घाल करायची डिस्क रोज वापरात आहे, त्यांना एक विनंती. एफएसटॅबमध्ये एसडीबी लिहू नका, यूयूआयडी लिहा, आणि डिस्क नसतानाही संगणक सुरू व्हावा म्हणून नोफेल हा पर्याय सोबत जोडा. ईएक्सटी4 डिस्कची नक्कल काढलीत तर मूळ डिस्क बाजूला ठेवून ट्यून2एफएसने नकलेचा यूयूआयडी त्याच दिवशी बदला. डीडी चालवण्याआधी एलएसबीएलके चालवून नाव, आकार आणि यूयूआयडी तिन्ही डोळ्यांखालून घाला. आणि यूडेव्हचा नियम स्वतः लिहिलात, तर त्याच्या वरच्या ओळीत टिपेच्या खुणेनंतर एवढे नोंदवून ठेवा: हा नियम डबी ओळखतो, आतली डिस्क ओळखतो, फाइल सिस्टिम ओळखतो की पोर्ट ओळखतो, आणि कोणत्या कामासाठी.